अंगावर वर्दी होती, रायडिंग गिअर नव्हतं : मोटरसायकल पोलिसाच्या एका अपघाताचं प्रकरण

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे प्रकरण कुठल्या एका माणसाचं नाही. चौकात वळणारी कार आणि सरळ येणारी पोलिसांची मोटरसायकल, हा अपघात जगभर इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या पद्धतीने होतो की त्याचा एक नमुना उभा करता येतो, आणि मी तेच केलंय. आकडे आणि स्टँडर्डं मात्र सगळी खरी आहेत. हे लिहायचं कारण एवढंच की मोटरसायकल पोलिसांनी जास्त संरक्षक गिअर, म्हणजे जॅकेट, ग्लोव्हज, बूट वगैरे, घालावं का हा प्रश्न निघाला की लोक लगेच दोन टोकांना जातात, एक म्हणतो फुल लेदर, म्हणजे अंगभर चामडं, घाला, दुसरा म्हणतो त्या उन्हात दहा तास घालून दाखव, आणि नेमका अपघात कसा होतो, कुठे लागतं, काय घातलं असतं तर काय वाचलं असतं हे कुणी बघतच नाही.

काय झालं

दुपारची ड्युटी. रायडर अनुभवी आहे, ट्रेनिंग नीट झालेलं, गाडी मोठी टूरिंग टाइपची, अडीचशे किलोच्या वर, एबीएस आहे, पुढे इंजिनाला आणि मागे बॅगांना क्रॅश बार आहेत. सायरन चालू नाही, पाठलाग नाही, साधी गस्त. स्पीड पन्नासच्या आसपास. समोरून येणारी कार चौकात अचानक त्याच्या पुढून वळते, ड्रायव्हर नंतर सांगतो की मला बाईक दिसलीच नाही, आणि तो खरं सांगत असतो. रायडर ब्रेक मारतो, थोडा बाजूला काढतो, पण कारच्या बंपरचा कोपरा लागतोच. धडक होते तेव्हा स्पीड साधारण पस्तीस. गाडी आडवी, माणूस उजव्या बाजूवर रस्त्यावर, थोडा घसटत जातो आणि थांबतो.

पस्तीस ऐकून लोकांना वाटतं की हे काय मोठं. पण मोटरसायकलचे अपघात बहुतेक ह्याच स्पीडला होतात. 1981 साली आलेला हॅरी हर्ट यांचा लॉस एंजेलिसचा अभ्यास अजूनही सगळे वापरतात, त्यात 900 अपघात जागेवर जाऊन तपासले होते, आणि धडकेच्या वेळचा मध्यक स्पीड निघाला ताशी 21.5 मैल, म्हणजे आपल्या भाषेत 35 किलोमीटरच्या आत. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशात चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, मोटरसायकलचा हक्काचा रस्ता त्याने अडवला होता. नंतर युरोपात मेड्स नावाचा अभ्यास झाला, 921 अपघात, तिथेही बहुसंख्य धडका ताशी 50 किलोमीटरच्या खालीच. म्हणजे आपला हा रायडर काही वेगळं करत नव्हता, तो अगदी मधल्या आकड्यावर पडला.

आता घसटण्याचं गणित बघा, अवघड नाही. माणूस कपड्यांसकट डांबरावर घसरतो तेव्हा घर्षण गुणांक 0.7 धरला तर ताशी 35 च्या स्पीडला तो अंदाजे 7 मीटर जातो आणि थांबायला दीड सेकंदाच्या आतबाहेर लागतात. ताशी 50 ला साधारण 14 मीटर आणि 2 सेकंद. आणि घसटण्याच्या आधी तो सीटच्या उंचीवरून खाली आपटतो ते वेगळं, 90 सेंटीमीटरवरून पडलं तरी जमिनीला टेकताना खालच्या दिशेचा वेग ताशी 15 किलोमीटर होतो, मग गाडी उभी असली तरी. त्यामुळे दोन वेगळी कामं आहेत, आपटण्याचा मार घेणं आणि घासण्यापासून कातडी वाचवणं, आणि ही दोन कामं दोन वेगळ्या वस्तू करतात. मार पॅड घेतं, घासणं कापड घेतं. हे ज्याला कळलं त्याला बाकीचं सगळं पटकन कळतं.

अंगावर काय होतं

ओपन फेस हेल्मेट, म्हणजे हनुवटी उघडी. अर्ध्या बाहीचा युनिफॉर्म शर्ट, आत बुलेटप्रूफ व्हेस्ट. युनिफॉर्मची पँट. गुडघ्यापर्यंतचे चामड्याचे उंच बूट, चकचकीत पॉलिश केलेले. ग्लोव्हज नाहीत, कारण दर दहा मिनिटांनी पेन काढा, लिहायचं पॅड काढा, मोबाईल काढा, कोण घालतंय. कमरेला ड्युटी बेल्ट आणि त्यावर पिस्तूल, रेडिओ, बॅटन, आणि मागे मणक्याच्या बरोब्बर मध्यावर बेड्यांचं पाऊच.

हा सेट बघितला की मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट खुपते की गाडीला पुढेमागे स्टीलचे बार आहेत, गाडी आडवी झाली तरी टाकी वाकत नाही, बॅग फुटत नाही, रायडरचा पाय गाडीखाली चेंगरत नाही (हे फार चांगलं काम आहे त्या बारचं), म्हणजे ही गाडी कधीतरी पडणार हे खात्याने खरेदीच्या वेळीच मान्य केलेलं आहे. पण तिच्यावर बसलेला माणूसही तेव्हाच पडणार हे मान्य करून त्याच्या कोपरात पाच मिलिमीटरचं पॅडसुद्धा घातलेलं नाही. हेल्मेट सोडलं तर त्याचा युनिफॉर्म ऑफिसात बसणाऱ्या पोलिसाचाच.

कुठे लागलं

सुरुवात हातापासून करतो कारण पडताना माणूस हात पुढे करतोच, कितीही ट्रेनिंग असलं तरी. उघडा तळवा डांबरावर टेकला, कातडी रस्त्याला चिकटली आणि हात तिथेच थांबला, शरीर मात्र पुढे जात राहिलं. मनगट मागे दुमडलं आणि आतलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलं. हे हाड फार त्रासदायक, त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने जुळायला महिनोन्महिने जातात, कधीकधी जुळतच नाही, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाही. ज्या माणसाच्या उजव्या हातात थ्रॉटल आहे, पुढचा ब्रेक आहे आणि वेळ पडली तर पिस्तूल आहे, त्याच्यासाठी हे साधं फ्रॅक्चर नाही, त्याची मोटरसायकलवरची नोकरीच ह्या काजूएवढ्या हाडावर लटकलेली असते. चांगल्या रायडिंग ग्लोव्हच्या तळव्यावर मनगटाजवळ एक कडक गुळगुळीत तुकडा असतो, त्याला स्लायडर म्हणतात. हात टेकला की तो रस्त्याला चिकटत नाही, सरकतो. सरकला की मनगट दुमडायचा धोका बराच कमी होतो. एवढासा प्लास्टिकचा तुकडा.

कोपर : अर्धी बाही, त्यामुळे कातडी गेली, खालची चरबी दिसायला लागली, आणि त्यात खडी आणि डांबराचे कण. हे कण ब्रशने घासून काढावे लागतात, नाहीतर कातडीखाली काळे डाग कायमचे राहतात आणि जंतुसंसर्ग होतो ते वेगळंच. ज्यांनी हे ड्रेसिंग बघितलंय ते रोड रॅशला खरचटणं म्हणत नाहीत.

गुडघा आणि मांडी : पँट फाटली. साध्या विणीचं कापड डांबरावर एक सेकंदसुद्धा टिकत नाही असं धरून चाला, आणि घसटणं दीड सेकंदाचं. उरलेला वेळ कातडीवर.

कंबर : इथे पोलिसांचं प्रकरण बाकीच्या रायडरपेक्षा वेगळं होतं. साधा रायडर कुल्ल्यावर पडला तर रस्ता आणि हाड एवढंच असतं मध्ये. पोलीस पडला तर मध्ये रेडिओ, पिस्तुलाचं होल्स्टर, मॅगझिन, म्हणजे कडक कोपरे असलेल्या वस्तू, आणि सगळा मार त्या एका टोकावर एकवटतो. आपल्या रायडरला कुल्ल्याच्या हाडाजवळ खोल मुका मार, आत रक्त साकळलं. तो पाठीवर पडला नाही हे नशीब, कारण मणक्याच्या मध्यावर बेड्या ठेवल्या असतील तर पाठीवर पडणं म्हणजे लोखंडाच्या कांबीवर पडणं. कमरेच्या मध्यभागी काही कडक लावू नका हे पोलीस ट्रेनिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी सांगतात, मोटरसायकल पोलिसासाठी तर तो साधा लेखी नियम असायला हवा आणि त्याला एक पैसा लागत नाही.

घोटा : बूट उंच होते, नडगी वाचली, घोटा मात्र दुखावला. पण हे बूट मुळात घोडदळाच्या परंपरेतून आलेले, दिसायला रुबाबदार, आत घोट्यावर पॅड नाही आणि तळवा आडवा दाबला तर दुमडतो. रायडिंग बुटाच्या युरोपियन स्टँडर्डमध्ये, ईएन 13634 मध्ये, तळवा आडवा किती दाब सोसतो याची वेगळी टेस्ट आहे, कारण अडीचशे किलोची गाडी पावलावर पडते तेव्हा ती नेमकी आडवी दाबते.

हनुवटी : शेवटी तोंड आपटलं. जबड्याचं हाड मोडलं, दोन दात गेले. डोकं शाबूत, कारण हेल्मेट होतं. हेल्मेटबद्दल वाद नाहीच, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा 2008 चा आढावा सांगतो की हेल्मेटने मृत्यूचा धोका 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका 69 टक्के कमी होतो. पण ओपन फेस हेल्मेट हनुवटी वाचवू शकत नाही, आणि जर्मनीत डायटमार ऑटे यांनी अपघातातली हेल्मेट तपासून मारांचे नकाशे काढले होते त्यात एक तृतीयांशाच्या आसपास मार हनुवटीच्या भागात पडलेले दिसतात.

आता ही यादी परत बघा. जिवावर बेतेल असं काही नाही. पण हात, कोपर, गुडघा, घोटा, जबडा, सगळं मिळून माणूस कित्येक महिने घरी. मेड्समध्ये दुखापतींची वाटणी अशीच येते, पायांना साधारण 32 टक्के, हातांना 24, डोक्याला 19 च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त दुखापती हातापायांना, आणि पोलिसांच्या वर्दीत संरक्षण काय ते फक्त डोक्याला.

गिअर असतं तर?

इथे मी जास्त दावा करणार नाही, कारण गिअर विकणारे तो करतातच. ऑस्ट्रेलियात लिझ द रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या 212 रायडरचा अभ्यास केला, 2011 मध्ये छापून आला. मोटरसायकलचं जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची शक्यता सुमारे 21 टक्के कमी, रायडिंग पँट घातलेल्यांना निम्म्यावर, ग्लोव्हजवाल्यांना 59 टक्के कमी. ग्लोव्हजचा आकडा परत वाचा, कारण आपल्या रायडरने नेमकी तीच वस्तू घातली नव्हती. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू पण सांगायला हवी : अपघातात पंचवीस ते तीस टक्के जॅकेट, पँट, ग्लोव्हज फाटले किंवा उसवले. म्हणजे मोटरसायकलचं जॅकेट असं लेबल असणं पुरेसं नाही, टेस्ट झालेलं हवं. आणि मोठ्या धडकेत पॅड हाड मोडण्यापासून वाचवेलच असं नाही, मांडीचं हाड बंपरवर आपटलं तर कुठलाही कपडा काही करू शकत नाही. गिअर सगळ्यात खात्रीने वाचवतं ती कातडी, स्नायू, सांधे. पण आपल्या प्रकरणात बहुतेक दुखापती त्याच जातीच्या होत्या ना. म्हणून माझा हिशोब असा की हाच अपघात नीट गिअरमध्ये झाला असता तर मुका मार, कदाचित एखादं फ्रॅक्चर, आणि माणूस काही आठवड्यांत परत गाडीवर.

एक जुनी गोष्ट इथे फार लागू पडते. टी. ई. लॉरेन्स, ज्याला लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतात, तो 1935 च्या मे महिन्यात मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याला बघायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. केर्न्स यांनी मग लष्कराच्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर काम केलं, 1941 मध्ये त्यांचा पेपर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांना ब्रिटनमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं 1973 मध्ये. बत्तीस वर्षांनी! म्हणजे वर्दीतल्या रायडरला आधी संरक्षण मिळालं, कारण तिथे एक संस्था होती जी सांगू शकत होती की हे घाल, आणि हे आम्ही देतो. आज जॅकेट-ग्लोव्हजच्या बाबतीत उलटं झालंय, बऱ्याच ठिकाणी वीकेंडला हौसेने फिरणारा रायडर रोज आठ-दहा तास गाडीवर असलेल्या पोलिसापेक्षा चांगलं गिअर घालतो.

आणि हे काही कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. युरोपात 2002 साली मोटरसायकल कपड्यांचं पहिलं मोठं स्टँडर्ड आलं, ईएन 13595, ते लिहिलंच होतं व्यावसायिक रायडरसाठी, म्हणजे पोलीस, कुरिअर वगैरे. त्यात कोपर-गुडघ्यासारख्या जागी कापड घासण्याच्या मशीनवर किमान 4 सेकंद टिकलं पाहिजे, वरच्या लेव्हलला 7. ब्रिटनमध्ये पोलीस रायडर वर्षानुवर्षं पॅडवाले सूट आणि बंद हेल्मेट घालून फिरतायत, त्यांना लोक घाबरत नाहीत आणि त्यांचा रुबाबही कमी झालेला नाही.

रायडर लोकांच्या तक्रारी, ज्या खऱ्या आहेत

युनिटमध्ये हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं ऊन. हे उत्तर आळशीपणाचं नाही. हवा कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, गरम असेल तर वारा लागून अंग थंड होत नाही उलट तापतं, फक्त घाम वाळून जो थंडावा मिळतो तोच आधार. जाड जॅकेट घाम वाळू देत नाही, आणि वाहतूक पोलीस अर्धा वेळ उभा असतो, वारा नाहीच, खाली इंजिन तापलेलं. उष्णतेने डोकं जड झालेला, चिडलेला, लक्ष उडालेला रायडर स्वतःच अपघात करेल. त्यामुळे जो साहेब एसीत बसून सगळ्यांना फुल लेदर सांगतो त्याच्याशी माझं भांडण आहे.

पण उत्तर म्हणजे काहीच न घालणं नाही, आपल्या अपघाताला पुरेल एवढंच घालणं हे उत्तर आहे. आताचं युरोपियन स्टँडर्ड ईएन 17092 कपड्यांचे वर्ग पाडतं, त्यात सगळ्यात वरच्या एएए वर्गात जास्त घासणाऱ्या जागा ताशी 120 किलोमीटरच्या घसटण्याला तपासतात, एए मध्ये 70, ए मध्ये 45. आपली धडक 35 ची होती, चालवायचा स्पीड 50. म्हणजे शहरातल्या गस्तीला चांगल्या विणीचं एए वर्गाचं मेश जॅकेट आणि पँट पुरतं, हवा आरपार जाते, आणि कोपर-खांदा-गुडघा-कुल्ला इथे पॅड. हायवेवर पाठलाग करणाऱ्या युनिटचं गणित वेगळं, त्यांना एएए द्या, त्यांना वाराही जास्त लागतो. सगळ्यांना एकच सूट घेणं हा टेंडर काढणाऱ्याचा सोयीचा विचार आहे.

पॅडमध्ये पण बघून घ्या. लेव्हल 1 आणि लेव्हल 2 दोन्ही दिसायला सारखे, पण सांध्यांच्या पॅडच्या टेस्टमध्ये लेव्हल 1 ला पलीकडे सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत (हे बल मोजायचं एकक) मार पोचलेला चालतो, लेव्हल 2 ला 20 पर्यंतच. पाठीच्या पॅडला 18 आणि 9. बरेच जॅकेट पाठीत नुसता फोमचा तुकडा घालून येतात, तो काही कामाचा नाही, हात घालून काढा आणि त्यावरचं लेबल बघा.

दुसरी तक्रार, व्हेस्ट आहे ना आत, मग पाठीचं पॅड कशाला. बुलेटप्रूफ व्हेस्टने गाडीच्या अपघातात लोकांना वाचवलेलं आहे हे खरं, छातीवरचा मार पसरवते ती. पण तिची टेस्ट गोळीची आहे, रस्त्याच्या कडेच्या दगडावर पाठ आपटण्याची नाही, आणि खांदा, कोपर, कुल्ला ती झाकत नाही. दोन्ही एकावर एक घातलं तर वाकता येत नाही ही अडचण मात्र खरी, म्हणून माप घेताना व्हेस्ट आणि बेल्ट घालूनच जॅकेट ट्राय केलं पाहिजे, गाडीवर बसून, हँडल पूर्ण फिरवून, आणि पिस्तूल काढून दाखवायला सांगून. जॅकेटची कड होल्स्टरवर आली की रायडर दुसऱ्याच दिवशी ते जॅकेट घरी ठेवणार.

तिसरी, गाडीवरून उतरून पळावं लागतं. बरोबर आहे. रेसचे बूट घालून पळता येत नाही. पण घोट्याला कप असलेले, चालता येणारे, मध्यम उंचीचे टूरिंग बूट मिळतात आणि त्या पॉलिशवाल्या उंच बुटांपेक्षा त्यात पळणं सोपंच जातं, खरंतर.

चौथी, लोकांशी बोलावं लागतं, चेहरा दिसला पाहिजे. ही मला सगळ्यात पटलेली तक्रार, कारण बंद काळ्या काचेमागून बोलणारा पोलीस माणसाला घाबरवतो. पण त्यावर फ्लिप-अप हेल्मेट आहे, हनुवटीचा भाग वर उचलला की पूर्ण चेहरा उघडा. हेल्मेट तपासणीच्या नवीन ईसीई 22.06 नियमात अशा हेल्मेटवर पी आणि जे अशी खूण येते, पी म्हणजे बंद असताना हनुवटीचं संरक्षण तपासलेलं, जे म्हणजे उघडं असताना ओपन फेस म्हणून तपासलेलं. दोन्ही असलेलं घ्या. आणि नियम करा की गाडी चालू तर हनुवटी खाली, नाहीतर आपल्या रायडरचा जबडा परत तसाच मोडेल.

खर्चाबद्दल जास्त लिहीत नाही. एका अनुभवी रायडरची कित्येक महिन्यांची पगारी रजा, ऑपरेशन, त्याच्या जागी दुसरा ट्रेन करणं, हे समोर ठेवा आणि ग्लोव्हजची किंमत समोर ठेवा. एवढंच की हा खर्च खात्याचा आहे, रायडरचा नाही. युरोपात 1989 च्या निर्देशापासून कामाच्या संरक्षक वस्तू मालकाने फुकट द्यायच्या हे ठरलेलं आहे, आणि मोटरसायकल हे पोलिसाचं कामाचं ठिकाणच आहे.

अंगावर घालायच्या एअरबॅगबद्दल विचारतातच लोक. मोटोजीपी ह्या मोटरसायकल रेसच्या जागतिक स्पर्धेत 2018 पासून सक्तीची आहे, आणि युरोपात काही पोलीस दलं वापरतायत. छाती, पाठ, मान यासाठी ती चांगली वस्तू आहे यात शंका नाही. पण दोरीवाली, म्हणजे गाडीला हुकने अडकवलेली आणि दोरी ओढली गेली की फुगणारी, घेतली तर रायडरने उतरताना हुक काढायची सवय लागेपर्यंत, संशयिताच्या मागे उडी मारून पळाला की स्वतःचीच एअरबॅग फुगवून बसेल, आणि तिच्यावरून रेडिओचा पट्टा किंवा कॅमेऱ्याचा हार्नेस घट्ट बांधला तर फुगायला जागाच नाही. इलेक्ट्रॉनिक असेल तर हुक नाही पण चार्जिंग आणि सर्व्हिस कोण बघणार ते आधी ठरवा. माझ्या मते आधी ग्लोव्हज, हेल्मेट, जॅकेट, पँट, बूट हे पाच नीट करा, एअरबॅग त्यानंतर. उलट्या क्रमाने केलेली खरेदी फोटोत चांगली दिसते फक्त.

दिसण्याचा मुद्दा राहिला

ड्रायव्हर म्हणाला होता मला दिसलाच नाही. न्यूझीलंडमधला अभ्यास आहे, 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, त्यात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्या रायडरना अपघातात जखमी व्हायचा धोका 37 टक्के कमी निघाला, पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना काळ्याच्या तुलनेत 24 टक्के कमी. गडद रंगाचा युनिफॉर्म म्हणजे डांबराच्या रस्त्यावर डांबराच्याच रंगाचा माणूस. आणि पोलीस गाडीवरच असतो असं नाही, तो रस्त्याच्या कडेला कुणालातरी थांबवून पाठ ट्रॅफिककडे करून उभा असतो, तिथे कोपराचं पॅड कामाचं नाही, पाठीवरची चमकणारी पट्टी कामाची आहे. जॅकेटच घ्यायचं तर ते फ्लोरोसंट पिवळ्या खांद्यांचंच घ्या, वरून वेगळं जाकीट चढवायला लावू नका, वेगळी वस्तू विसरतात.

आपल्या रायडरच्या युनिटने काय करावं

सक्ती करावी, पण क्रमाने. पहिल्या दिवसापासून ग्लोव्हज आणि बेड्यांची जागा. फ्रान्समध्ये 2016 च्या नोव्हेंबरपासून साध्या नागरिकालाही मोटरसायकलवर ग्लोव्हज सक्तीचे आहेत, मग पोलिसाला का नाहीत हे मला कुणी समजावून सांगावं. लिहायची अडचण असेल तर पातळ बोटांचे, स्क्रीनवर चालणारे, पण तळव्याला स्लायडर आणि ईएन 13594 चं लेबल असलेले ग्लोव्हज मिळतात. दर उन्हाळ्यात ते काढायची सूट देऊ नका. कारण हात उन्हाळ्यातही आधी टेकतो.

मग हेल्मेट. मग उन्हाळी आणि हिवाळी असे जॅकेट-पँटचे दोन सेट, घामाचा एक धुवायला गेला तर दुसरा हवा, एकच दिला की तो कुबट वास मारतो आणि लोक घालायचं सोडतात, हे बोलायला लाज वाटते सगळ्यांना पण गिअर कपाटात पडून राहण्याचं हे अगदी खरं कारण आहे. फार कडक ऊन असेल त्या दिवशी जॅकेट काढायला न लावता शिफ्टच कापावी, सावलीत थांबायची वेळ वाढवावी, पाणी गाडीवर द्यावं. मिरवणूक, सलामी, समारंभ ह्यासाठी जुनी उंच बुटांची वर्दी ठेवा हवी तर, ती सुंदर दिसते, मला पण आवडते, पण समारंभ संपवून परत ठाण्यावर येतानाचा रस्ता हा समारंभ नाही, तेव्हा कपडे बदलायचे.

साहेबांनी पण गाडीवर बसताना तेच घालायचं. हे न केल्यामुळे जितके नियम मेले तितके दुसऱ्या कशाने मेले नसतील.

ट्रेनिंगमध्येही पहिल्या तासापासून पूर्ण गिअर हवं. रस्त्यावर ठेवलेल्या ट्रॅफिक कोनमधून स्लो वळणं शिकताना ह्या जड गाड्या पडतातच, तिथे स्पीड जवळजवळ शून्य असतो आणि तरी घोटे आणि मनगटं दुखावतात. शिवाय जो पहिल्या दिवसापासून ग्लोव्हज घालून क्लच सोडायला शिकला त्याला नंतर ग्लोव्हजमध्ये लिव्हरचा अंदाज येत नाही असं वाटत नाही, ही तक्रार फक्त उघड्या हातांनी शिकलेल्यांची असते.

आणि प्रत्येक पडण्यानंतर, मग ते पार्किंगमध्ये गाडी कलंडण्याएवढं का असेना, अंगावरचं सगळं तपासून त्याची नोंद ठेवायची. हेल्मेटला मार लागला असेल तर ते सरळ बदलायचं, आतला फोम एकदा दबला की परत उभा राहत नाही, बाहेरून कवच ठीक दिसलं तरी. जॅकेटची शिवण कुठे उसवली, ग्लोव्हचा कुठला भाग घासला, पॅड जागेवर राहिलं का वळून मागे गेलं, ह्याचे फोटो काढून रायडरच्या दुखापतीच्या नोंदीबरोबर एकाच फाइलमध्ये लावायचे, आणि पुढच्या खरेदीची मागणी लिहायला बसणाऱ्याच्या टेबलावर ती फाइल आधी ठेवायची.